चाळीस हजार जणींचं मत

नेर्मीननं तिसरी फ्रेम नाकावर चढवली, फोन हातभर लांब धरला आणि स्वतःचा फोटो काढला.

"हसू नका," ती म्हणाली.

"मी कुठे हसलो?" काउंटरपलीकडून आवाज आला.

"मला दिसत नाही म्हणून काय झालं? ऐकू येतं."

आता मात्र तो उघडच हसला. काउंटरमागे एक उंच, निळसर धूसर आकार होता आणि त्या आकाराचं हसणं छान होतं, एवढंच तिला कळत होतं. तिचा नंबर उणे नऊ. चष्म्याविना जग म्हणजे पाण्यात पडलेलं चित्र. आणि जुना चष्मा तासाभरापूर्वीच वाऱ्यानं तिच्या नाकावरून उचलून समुद्राकाठच्या रस्त्यावर आपटला होता. वरून एक मिनीबस गेली होती.

बाहेर मकनसा सुटली होती. दर नोव्हेंबरात अलेक्झांड्रियाचे रस्ते झाडून नेणारं वादळ. गंमत म्हणजे त्याची सूचना नेर्मीननंच दोन दिवस आधी बंदरावर लावली होती. हवामान कचेरीतली तिची नोकरीच ती. आज होड्या समुद्रात घालायच्या की नाही, हे बहरी वस्तीचे मच्छीमार तिच्या सहीवर ठरवत.

"तीन फ्रेम झाल्या," तो म्हणाला. "यातली कुठली आवडली?"

"थांबा. मतदान चालू आहे."

"...काय चालू आहे?"

तिनं फोन डोळ्यांना चिकटवून त्याच्याकडे वळवला. ग्रुपचं नाव होतं 'आधी विचार, मग कर'. चाळीस हजार मैत्रिणी. काळ्या चौकोनी फ्रेमला अठ्ठेचाळीस मतं, तपकिरी गोल फ्रेमला एकतीस, हिरव्या बारीक काडीच्या फ्रेमला नऊ.

"चेहरा तुमचा आणि मतं त्यांची?"

"माझा चेहरा मला दिसतोय कुठे? रिकामी फ्रेम घालून आरशासमोर उभी राहिले तरी आरशात एक बटाटाच दिसतो."

"बटाटा नाही हं," तो म्हणाला. आणि मग जरा गडबडून, "म्हणजे... व्यावसायिक दृष्टीनं सांगतोय."

तेवढ्यात वीज गेली. फोनवरचं नेटवर्कही गेलं. दुकानात राखाडी उजेड आणि काचेवर आडवा येणारा पाऊस, एवढंच उरलं. नेर्मीन फोन खिडकीशी नेऊन हलवत राहिली, जणू हलवल्यानं चाळीस हजार बायका खाली गळून पडतील.

"तुम्हीच सांगा ना मग," ती शेवटी वैतागून म्हणाली.

तो काउंटरच्या बाहेर आला. तिच्यासमोर, बऱ्यापैकी जवळ उभा राहिला आणि बराच वेळ पाहत राहिला. इतका वेळ की तिला कानापाशी गरम वाटायला लागलं.

"हिरवी," तो म्हणाला.

"नऊ मतं मिळालीत तिला!"

"दहा."

हाझिमची आणि तिची ओळख झाली ती अशी.

*

चार दिवसांनी चष्मा न्यायला आली तेव्हा त्याचा चेहरा तिला पहिल्यांदा दिसला. बत्तीस-तेहतीसचा, किंचित वाकडं नाक, आणि बोलताना समोरच्याकडे सरळ, अगदी सरळ पाहायची सवय.

"काळ्या फ्रेमवाल्या दोनशे बारा बायका तुमच्यावर रागावल्या आहेत, डॉक्टर," ती म्हणाली.

"मी डॉक्टर नाही, चष्मेवाला. आणि तुम्ही?"

"मी काय?"

"रागावलात?"

"...नाक टोचतंय थोडं," ती म्हणाली.

नाक खरंच टोचत होतं. पण पुढच्या आठवड्यात डाव्या काडीचा स्क्रू ढिला झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात उजव्या. दुकान सांभाळणारी हाझिमची धाकटी बहीण शहीरा, तिसऱ्या खेपेला ढणढणीत आवाजात म्हणाली, "बाई, हा चष्मा आहे की जुनी फियाट? रोज गॅरेजला?" नेर्मीन लाल झाली. हाझिमनं स्क्रू आवळता आवळता मान वर केली नाही, पण त्याचे कानही लाल झाले होते.

मग स्क्रूचा बहाणा उरला नाही. दुपारच्या सुट्टीत ती कोपऱ्यावरून गरम, दुधाळ सहलबचे दोन पेले घेऊन येई... वर दालचिनी आणि भरपूर खोबरं. तो विचारी, "आज समुद्र काय म्हणतो?" ती सांगे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"एवढं सगळं ग्रुपला का विचारतेस?" त्यानं एकदा विचारलं. "परवा म्हणे रंगीत मोजे घेऊ की साधे, तेही विचारलंस."

नेर्मीननं पेल्यातलं खोबरं चमच्यानं गोळा केलं. "चार वर्षांपूर्वी माझा साखरपुडा झाला होता. मीच पसंत केला होता, आईचं न ऐकता. लग्नाला महिना राहिला तेव्हा सहज ग्रुपवर दोघांचा फोटो टाकला. तंता गावच्या एका मुलीनं खाली लिहिलं, 'बहिणी, हा तर माझा होणारा नवरा आहे.'"

हाझिमचा हात थांबला.

"ग्रुप नसता तर मी आज कुठे असते? तेव्हापासून माझ्या मनावर माझा विश्वास नाही. वाऱ्याचा अंदाज मला कळतो. माणसांचा नाही."

तो नुसता पाहत राहिला, तसाच सरळ.

काही गोष्टी मात्र तिला खटकत. बाजूनं पेला पुढे केला की तो घेत नसे. तिचा हात तसाच हवेत राही. दुकानातल्या ठेंगण्या स्टुलाला तो आठवड्यातून दोनदा तरी धडके. आणि सूर्य कलायला लागला की काहीही चाललं असो, दुकान शहीरावर सोपवून निघून जाई. एकदा संध्याकाळी समुद्राच्या कठड्यापाशी तो समोरून येताना दिसला. नेर्मीननं हात हलवला, हाक मारली. वाऱ्यात हाक विरली. तो चार पावलांवरून, तिच्याकडे न पाहता, भिंतीच्या कडेकडेनं निघून गेला.

ती रात्रभर धुमसत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात शिरली ती फणकाऱ्यानंच.

"काल कठड्यापाशी ओळख दाखवायची लाज वाटली का?"

हाझिमचा चेहरा उतरला. "तू होतीस तिथे?"

"हात हलवत होते. वेड्यासारखी!"

"चल," तो म्हणाला. "बाहेर जाऊ. ऊन आहे तोवर."

ते शातबीच्या किनाऱ्यावर खडकांपाशी जाऊन बसले. पाऊस थांबला होता, समुद्र अजून मातकट होता. हाझिमनं आपले दोन्ही हात दुर्बिणीसारखे डोळ्यांशी धरले.

"मला एवढं दिसतं," तो म्हणाला. "मधलं स्वच्छ. कडेचं नाही. डोळ्याचा पडदा कडेकडेनं विझत चाललाय. अंधार पडला की मधलंही जातं. दिवसा मी तुझा डॉक्टर, संध्याकाळी आंधळी कोशिंबीर."

त्याला हसवायचं होतं. ती हसली नाही.

"बरं होतं का हे?"

"नाही. सावकाश वाढतं. वीस वर्षं असंच राहील, किंवा पाच. कैरोचे डॉक्टरही सांगू शकत नाहीत." तो थांबला. "शहीराला माहीत आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. आणि आता तुला सांगतोय, कारण... मला तुझ्या घरी यायचं आहे. आईला आणि शहीराला घेऊन, रीतसर. पण हे लपवून नाही."

लाटेचं पाणी खडकावर फुटून दोघांच्या बुटांवर आलं. कुणी पाय मागे घेतले नाहीत.

"घाई नाही," तो म्हणाला. "विचार कर. पण तू कर, नेर्मीन."

*

तिनं विचार केला. दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी फोन हातात घेतला.

आधी तिनं निर्णय घ्यायला मदत करणारं एक ॲप उघडलं. मुद्दे लिहायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, दहापैकी गुण द्यायचे... मग ॲप टक्के सांगतं. तिनं अगदी प्रामाणिकपणे भरलं. नोकरी, स्वभाव, आजार, पुढची मुलंबाळं, नातेवाईक काय म्हणतील. हाझिमला एक्केचाळीस टक्के पडले.

तिला राग आला. फोनचा. तिनं 'त्याच्याशी बोलताना वेळ कसा जातो' याचं वजन तीनवरून सात केलं. मग दहा. मग 'नातेवाईक' हा मुद्दाच पुसून टाकला. सहासष्ट टक्के झाले तेव्हा तिला आपलंच हसू आलं. कचेरीत वाऱ्याच्या आकड्यात तिनं कधी एका नॉटचाही फेरफार केला नव्हता. आणि इथे ती चक्क लबाडी करत होती, तीही एका माणसाला पास करण्यासाठी!

तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण हसू ओसरलं आणि तंताची ती मुलगी आठवली. मागच्या वेळीही मन असंच लबाडी करत होतं ना?

तिनं नाव न देता ग्रुपवर लिहिलं. 'स्थळ चांगलं आहे. मुलगा चष्म्याच्या दुकानात असतो. पण त्याची स्वतःचीच नजर हळूहळू जाते आहे. मला तो आवडतो. काय करू?' खाली मतदान ठेवलं.

संध्याकाळपर्यंत सहाशे कमेंट आल्या.

'बहिणी, आज चष्मा, उद्या काठी. आयुष्यभर हात धरून फिरवणार आहेस?'

'मुलांना झालं तर? त्याचा विचार कर आधी.'

'माझ्या नवऱ्याचे दोन्ही डोळे धडधाकट आहेत, तरी सिंकमधली भांडी त्याला आजवर दिसलेली नाहीत. कर लग्न!'

एकाहत्तर टक्के बायकांनी 'नाही' म्हटलं.

आणि त्या सगळ्याखाली दमनहूरच्या उम्म यासीन नावाच्या बाईंनी फक्त एवढंच लिहिलं होतं, 'मला फोन कर, पोरी.' पुढे नंबर.

नेर्मीननं फोन केला. पलीकडे कांदा परतल्याचा आवाज येत होता.

"माझ्या नवऱ्याला तेच आहे," उम्म यासीन म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली लग्नाला. विचार काय विचारायचंय ते. लाजू नकोस."

"त्रास होतो का हो?"

"होतो की! चहा कुठे ठेवला ते सांगायला विसरले तर सांडतो. मग मी ओरडते, मग तो ओरडतो. मग तोच उठून दुसरा चहा करतो. माझ्यापेक्षा चांगला करतो मेला."

"आणि मुलं?"

आवाज जरा खाली आला. "तिघं आहेत. दोघांचे डोळे ठीक आहेत. धाकटीचं अजून सांगता येत नाही. त्या एका गोष्टीनं माझी झोप उडते, खोटं कशाला सांगू? लग्नाआधी दोघांनी मिळून तपासणी करून घ्या, आता होते ती. आम्हाला माहीत नव्हतं." कांद्यात पाणी पडल्याचा चर्रर्र आवाज आला. "पण या घरात मी एकटी आहे असं मला एक दिवससुद्धा वाटलेलं नाही. बाकी तुझं तू बघ."

फोन ठेवल्यावर नेर्मीनला मोकळं वाटलं. भीती तेवढीच होती, पण तिला आता चेहरा होता. आणि हाझिमला काय सांगायचं ते तिला माहीत होतं. कदाचित आकडे बदलले तेव्हापासूनच माहीत होतं.

*

रविवारी ती दुकानात गेली तेव्हा हाझिम फडक्यानं एकच काच पुसत बसला होता.

"या, बाई," तो म्हणाला. "नंबर तपासायचा आहे?"

त्या 'या'नं ती दारातच थबकली. कोपऱ्यात शहीरा खाली मान घालून बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"मीही आहे त्या ग्रुपमध्ये," शहीरा पुटपुटली. "या शहरात असे चष्मेवाले किती असणार, नेर्मीन?"

"एकाहत्तर टक्के," हाझिम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "काल कोपऱ्यावरच्या बेकरीवालीनं आईला विचारलं, मुलाचे डोळे कसे आहेत म्हणून. आईला मी सांगायच्या आधी! आज सकाळी एक गिऱ्हाईक मला बोटं दाखवून विचारत होतं, किती आहेत सांगा. मी तुला सांगितलं होतं. एकटीला."

"मी नाव नव्हतं लिहिलं..."

"मी म्हटलं होतं, तू विचार कर."

ती आली होती 'हो' म्हणायला. ते 'हो' तोंडात घेऊन ती तशीच बाहेर पडली.

घरी येऊन तिनं पोस्ट पुसली. पुसून काय होणार होतं? मग सवयीनं बोटांनी लिहायला घेतलं, 'मैत्रिणींनो, एखाद्याचं मन दुखावलं असेल तर...' आणि तिथेच तिनं फोन उशीखाली दाबला आणि वर बसली. अक्षरशः.

आई, सुआद, दारात उभी राहून हे पाहत होती. "काय उबवतेस?"

मग नेर्मीननं तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर सुआद तिच्याशेजारी पलंगावर बसली. "मला सगळ्यात शेवटी सांगितलंस," ती म्हणाली. "चाळीस हजार एकावी."

हा टोला वर्मी बसला.

आठ दिवस तिनं कुणालाही काहीही विचारलं नाही. नवव्या दिवशी कचेरीतून लवकर निघून ती दुकानात गेली आणि रांगेतल्या खुर्चीवर बसली. तिची पाळी आल्यावर शहीरानं भावाकडे पाहिलं, भावानं छताकडे.

"नंबर तपासायचा आहे," नेर्मीन म्हणाली. "खरंच."

तपासणीच्या अरुंद खोलीत त्यानं दार लोटलं, ते जड यंत्र तिच्या डोळ्यांसमोर आणलं आणि समोर बसला. गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर.

"पहिली बरी की दुसरी?" काच फिरवत त्यानं कोरड्या आवाजात विचारलं.

"दुसरी."

"आता? पहिली की दुसरी?"

"पहिली."

"आता?"

"पहिलीच."

एकदाही ती अडखळली नाही. शेवटी त्यानं यंत्र बाजूला केलं. "नंबर आहे तसाच आहे."

"माहीत आहे मला." तिनं हिरवा चष्मा घातला, त्याला पाहता यावं म्हणून. "मी चुकले, हाझिम. भीती वाटली म्हणून तुझी गोष्ट वेशीवर टांगली. ती मी कुठूनही परत आणू शकत नाही."

"नाही आणू शकत," तो म्हणाला.

"आईला..."

"सांगितलं मी. रडली. मग मला ओरडली की आठ वर्षं एकटाच का घाबरत बसलास." तो जरा थांबला. "त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो. म्हणून तू केलंस ते बरोबर होत नाही."

"नाही होत."

बाहेर शहीराचा आवाज एकदम बंद झाला होता. ती दाराला कान लावून होती हे दोघांनाही कळलं.

"मी काय ठरवलंय ते विचार," नेर्मीन म्हणाली.

"लोक काय म्हणतात?"

"लोकांना विचारलेलं नाही."

"कीव येऊन..."

"कीव? तुझी?" तिचा आवाज चढला. "कठड्यापाशी मला भुतासारखं उभं करून निघून गेलास! मी चिडले होते, कीव कसली? ऐक. मला भीती वाटते. कमी झालेली नाही. पुढचं काय ते मला माहीत नाही. पण मला तूच पाहिजेस. शुक्रवारी आईला घेऊन घरी ये. आलास तर."

तो पाहत राहिला. सरळ, जेवढी जागा दिसत होती तेवढ्या सगळ्या जागेत तिला घेऊन.

"मला अजून राग आहे," तो म्हणाला.

"असू दे. रागासकट ये."

आणि मग... त्याच्या ओठांचा एक कोपरा आधी हलला, दुसरा नंतर. दाराबाहेरून शहीरा ओरडली, "येतोय! शुक्रवारी! मगरिबच्या आत, अंधार पडायच्या आधी!"

*

पण शुक्रवारी पाऊस आला, रस्ते तुंबले आणि मगरिब होऊन गेल्यावर मंडळी मुहर्रम बे भागात नेर्मीनच्या इमारतीपाशी पोचली. नेर्मीन खालीच उभी होती. हाझिमची आई आणि शहीरा बसबूसा मिठाईचं खोकं सांभाळत पुढे गेल्या.

दहा मिनिटांनी सगळे बैठकीत बसले. सुआदनं चहा दिला, आणि हाझिमनं पेला खाली ठेवला.

"तांत," सुआदला मावशी म्हणून हाक मारत तो म्हणाला, "तुमच्या मुलीला मागणी घालायला आलोय. पण आधी माझ्या डोळ्यांबद्दल माझ्या तोंडून ऐका." आणि त्यानं सगळं सांगितलं. वीस वर्षं किंवा पाच, हेही. लग्नाआधी दोघांनी करायच्या तपासणीचंही.

सुआद ऐकत होती. तिनं एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"अंधारात काहीच दिसत नाही तुला?"

"नाही, तांत."

"आमच्या जिन्यातला दिवा गेलाय. आठवडा झाला. चार मजले आहेत." सुआदच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तू वर कसा आलास?"

शहीरानं बसबूसाचा मोठा तुकडा घाईनं तोंडात कोंबला. हाझिमचे कान लाल झाले.

"...नेर्मीनचा हात धरून," तो म्हणाला.

"बोलणी व्हायच्या आधी?"

"चार मजले, तांत," तो हळूच म्हणाला. "बोलणी झाल्यावर खाली कसा जाईन ते बघता येईल, पण वर तर यायचं होतं."

हाझिमच्या आईला पहिल्यांदा हसू फुटलं. मग शहीराला ठसका लागला. सुआदनं ओठ घट्ट मिटून पाहिले, पण तिलाही ते जमलं नाही.

"नेर्मीन," ती ओढणीच्या टोकानं डोळे टिपत म्हणाली, "उद्याच्या उद्या दिवा बसवून घे. याच्यासाठी नाही, माझे गुडघे फुटतील एक दिवस." मग ती हाझिमच्या आईच्या शेजारी सरकून बसली आणि तिनं दोन्ही तळवे वर केले. "चला, सोयरीक पक्की. फातिहा वाचू या."